बेचाळीस नंबरचा बिल्ला

बोटीचा भोंगा तिसऱ्यांदा फियॉर्डच्या अरुंद खाडीभर घुमला. बेचाळीस नंबरचा बिल्ला अजून लालच होता. किनाऱ्यावर उतरताना फळ्यावरचा आपला बिल्ला लाल बाजूला फिरवायचा आणि परतल्यावर पांढऱ्या, असा नियम होता. म्हणजे कोणीतरी हिमनदीपाशी मागे राहिलं होतं. स्थानिक इनुइट वाटाड्या शोधायला पुन्हा होडी काढू लागला.

टूर मॅनेजर म्हणून मी यादी पाहिली आणि चरकले. बेचाळीस म्हणजे पोंक्षेकाका. बुकिंगनंतर महिन्याभरात ते वारले होते. बिल्ला काढायला सांगायचं माझ्याकडूनच राहिलं होतं.

"मीच फिरवला," पोंक्षेकाकू म्हणाल्या. "इतके दिवस जाताना-येताना माझ्याबरोबर ह्यांचाही फिरवत होते. पण ह्यांना यायचं होतं ते ह्याच हिमनदीसाठी. म्हटलं, राहू देत इथेच."

मी होडी थांबवली. डेकवर कुजबुज सुरू झाली होती.

"सगळे खोळंबले ना? ह्यांचं नेहमीचंच," काकू ओशाळून म्हणाल्या. त्यांचा हात बिल्ल्यापर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

"तूच फिरव गं," त्या म्हणाल्या. "माझ्याच्यानं नाही होणार."