रविवारचं दार

"उद्या रविवारी हे दुकान उघडं दिसलं," पाद्री पेनिसिमानी फोनकडे बोट दाखवत म्हणाले, "तर सोमवारपासून कायमचं बंद. सगळ्या गावाला एक नियम आणि तुझ्या फोनला वेगळा, असं चालायचं नाही."

फुसिपालाचा हात थांबला नाही. टारोच्या अळूसारख्या पानांत नारळाचं दूध ओतून ती उद्याच्या जेवणाच्या पुरचुंड्या बांधत होती. टोंगात रविवारी कुत्रंसुद्धा विचार करून भुंकतं.

"पाद्रीबाबा, किएकिएच विकते ना मी? ती कंबरेला बांधल्याशिवाय बाई चर्चमध्ये येते का? सिडनीच्या, सॉल्ट लेकच्या आपल्याच बायका घेतात. चर्चसाठीच घेतात."

"चर्चसाठी घ्याव्यात. चर्चच्या वेळी नको."

शेजारचा लाउताइमी पायरीवर बसून खोबरं खवत होता. तो म्हणाला, "पण बाबा, आपल्याकडे रविवार असतो तेव्हा अमेरिकेत शनिवार असतो. गिऱ्हाइकाला पाप नाही."

"गिऱ्हाइकाचं कोण विचारतंय? दुकान कुठे आहे?"

यावर तिघांनीही पाहिलं. दुकान चटईवर होतं, खोबऱ्याच्या वाटीशेजारी.

गावातल्या बायकांनी विणलेल्या किएकिए फुसिपालाच्या पेटीत पडून असायच्या. बेटावर विकणार कोणाला? ज्या विकत घेतील त्या सगळ्या विणतच होत्या. वेबसाइट निघाली आणि पेटीचा तळ पहिल्यांदा दिसला. आता ती बंद पडली तर झाकण पुन्हा गुडघ्याने दाबून लावायची पाळी.

"दुकान रविवारी आपोआप बंद व्हायला कोडिंग लागतं," लाउताइमी म्हणाला. त्याला आपल्या कोनफळांची वेबसाइट काढायची होती, म्हणून तो कोडिंगचं एक जाड पुस्तक वाचत होता. वेबसाइट अजून निघाली नव्हती. कोनफळं निघाली, खाऊन झाली, पुन्हा लावून झाली. "रविवार असेल तर असं करा, अशी अट घालायची असते. चौथ्या धड्यात आहे."

"मग घाल की," पाद्रीबाबा म्हणाले.

"मी दुसऱ्यात आहे."

पाद्रीबाबा फुसिपालाकडे वळले. "तुला येतं का ते कोडिंग?"

"नाही बाई."

"मग एवढं दुकान बांधलं कोणी?"

"मीच. बोटाने चित्र उचलायचं, हवं तिथे सोडायचं. नाही आवडलं तर उसवायचं. विणताना आपण दुसरं काय करतो?"

पाद्रीबाबांनी फोन हातात घेतला. प्रत्येक किएकिएखाली विणणारीचं नाव होतं, तिच्या आईचं होतं, आईच्या गावाचंही होतं. काही चित्रांत फुसिपालाचा अंगठा आला होता. तो तिने तसाच ठेवला होता, आकाराचा अंदाज यावा म्हणून. पाद्रीबाबा शेवटपर्यंत बघत गेले. मग पुन्हा वर आले आणि पुन्हा शेवटपर्यंत गेले. चर्चचं नवं छप्पर बघतानाही त्यांचा चेहरा इतका सैल पडला नव्हता. मग त्यांना आपण कशाला आलोय ते आठवलं.

"सुंदर आहे," ते कडक आवाजात म्हणाले. "पण रविवारी उघडं आहे."

"रविवारपुरतं काढूनच टाक, ताई," लाउताइमीने सुचवलं.

"आणि दुकान गायब दिसलं की बायका म्हणतील, पैसे घेऊन पळाली." फुसिपालाने हात पुसले. "बंद दुकान कसं दिसतं? दार लावलेलं. मी दाराचं चित्र लावते."

अडचण एकच निघाली. फुसिपालाच्या घराला दार नव्हतं, पडदा होता. लाउताइमीचं दार मागच्या वादळात उडालं होतं आणि आता डुकरांच्या कुंपणात होतं. गावात नीट बंद होणारं दार एकच. पाद्रीबाबांचं.

तिघे रस्ता ओलांडून गेले. पाद्रीबाबांनी दार लावलं. फुसिपालाने फोन धरला तसे ते "थांब, थांब" म्हणाले आणि वाकून पायपुसणं सरळ केलं.

परत ओट्यावर येऊन फुसिपालाने ते दार बोटाने उचललं आणि वेबसाइटच्या पहिल्या पानावर सोडलं. बाकीची पानं एकेक दाबून लपवली. संध्याकाळची घंटा झाली तेव्हा दुकान साऱ्या जगाला बंद होतं, आणि मधोमध पाद्रीबाबांचं हिरवं दार.

लाउताइमी बराच वेळ बघत राहिला. "ताई," त्याने हळूच विचारलं, "कोनफळ उचलायला कुठलं बोट वापरू?"

"खोबऱ्याचं नसेल ते."

पाद्रीबाबांचं लक्ष फोनच्या पडद्याच्या कोपऱ्याकडे होतं. "या हिरव्या टिकल्या कसल्या?"

"आत्ता कोण कोण बघतंय ते कळतं. एक सॉल्ट लेकहून आहे. एक नॉर्वेहून."

"नॉर्वेत आपलं कोण आहे?"

"ते नाही कळत. उभं आहे एवढंच कळतं."

"उभं? कुठे?"

"दारात. तुमच्या."

पाद्रीबाबांनी रस्त्यापलीकडे आपल्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "तिकडे थंडी असेल."

"असेलच की."

"खाली लिही. उपासना दहाला. नंतर जेवण आहे."

फुसिपालाने लिहिलं, आणि टारोची आणखी थोडी पानं खुडायला उठली.

पाद्रीबाबा घरी गेले ते मागच्या दाराने. पुढच्या दारात माणसं उभी होती.