एकाच घरातलं

मृण्मयी उन्हाळाभर हौसाक्कांच्या घरी लेकीसारखी राहिली. पुरात गाव कसं तगतं, याचं मॉडेल तिला संगणकावर करायचं होतं. कोण कुणाची गुरं सोडवतं, म्हाताऱ्यांना कोण उचलतं, सगळं हौसाक्कांनी तिला सांगितलं.

पंचायतीत तिने ते मॉडेल पाटबंधारे खात्याच्या साहेबांना दाखवलं. साहेब खूश झाले. "हे गाव स्वतःच सावरतं. मग इथं संरक्षक भिंत कशाला?"

मृण्मयी लॅपटॉप मिटू लागली.

"माझी सून पुरात वाहून गेली, तेबी तुला सांगितलं हुतं," मागे बसलेल्या हौसाक्का तिला म्हणाल्या. "ते ह्यात कुठं हाय?"

"आक्का, एकाच घरातलं होतं ते. मॉडेलमध्ये बसत नव्हतं."

संध्याकाळी मृण्मयी परतली, तेव्हा तिची बॅग ओसरीवर ठेवलेली होती आणि दाराला आतून कडी होती.