न चुकणारा अंदाज

दाबके सरांनी चहा अर्धाच पिऊन कप बाजूला सारला आणि कॉम्प्युटरकडे पाहिलं. पडद्यावर आधीच उमटलं होतं, ‘चहा अर्धा टाकतील.’

माणसाचं मन म्हणजे निव्वळ हिशेब, असं ते जन्मभर सांगत आले. त्यांच्या बायकोला, कुमुदला, ते कधीच पटलं नाही. तिला दाखवून द्यायलाच त्यांनी हा प्रोग्राम लिहिला. तो त्यांचं वागणं-बोलणं टिपायचा आणि पुढे काय करतील ते आधीच सांगायचा.

कुमुद होती तोवर तो रोज तोंडावर आपटायचा. ‘आता वाचत बसतील,’ असं त्यानं म्हणावं आणि नेमकं तेव्हाच तिनं हातातलं पुस्तक काढून घ्यावं. “अहो, उठा! टेकडीवर करवंदं पिकलीत. हरलं बघा तुमचं गणित!”

ती वारली, आणि त्यानंतर त्याचा एकही अंदाज चुकला नाही. आज तर सबंध दिवस तंतोतंत जुळला. सर ताडकन उठले, स्वयंपाकघराकडे वळून ओरडले, “कुमुद, जिंकलो गं मी!”



ते सावकाश मागे वळले. पडद्यावर ओळ केव्हाची येऊन थांबली होती, ‘आता कुमुदला हाक मारतील.’