मधला चेंडू

"जाऊ दे बे, माफ केलं तुला," संगमेश्वर म्हणाला आणि त्याने हात पुढे केला.

गहिनीनाथने तो धरला नाही. रसवंतीच्या गल्ल्यामागे खुर्चीत ताठ बसून तो समोरच्या रस्त्याकडे बघत राहिला. शेजारच्या बाकावरून आलेला हात हवेतच राहिला. धारूरहून दोन एसटी बदलून, निम्मा जिल्हा ओलांडून माणूस कड्याला आला होता, तोही सतरा वर्षांनी. दारात आलेल्या वासुदेवालाही लोक असं वागवत नाहीत.

"माफी मी मागितलीच न्हाई," गहिनीनाथ म्हणाला. "रस पिऊन जा."

संगमेश्वरने हात मागे घेतला.

बीड जिल्ह्यात टेनिस म्हणजे टेनिस बॉलचं क्रिकेट. त्यामुळे हे दोघे नेमकं काय करत होते, ते इथे कुणाला कधी कळलंच नाही. धारूरच्या कापड दुकानदाराचा मुलगा आणि कड्याच्या शेतकऱ्याचा मुलगा तेव्हाच्या औरंगाबादला खेळाडूंच्या वसतिगृहात एका खोलीत आले आणि पुढे अकरा वर्षं जोडीने खेळले. एकेरीत दोघेही बेताचे. दुहेरीत मात्र जगात एकशे बारावे. परक्या देशांत एका खोलीत राहिले, एका ताटात जेवले, एकमेकांचे मोजे घातले. यांची लग्नं एकाच मांडवात लावा, असं लोक चेष्टेने म्हणायचे.

दुहेरीत एक साधा रिवाज असतो. दोघांच्या मधून येणारा चेंडू डावीकडच्याने घ्यायचा, कारण त्याचा उजवा हात मध्ये असतो. डावीकडे गहिनीनाथ खेळायचा. बँकॉकच्या फायनलला, अगदी शेवटच्या गुणाला, चेंडू असाच मधून आला. चेंडूत काही दम नव्हता, शाळेतल्या पोरानेही परतवला असता. संगमेश्वरने तो रिवाजाप्रमाणे सोडला. गहिनीनाथ जागचा हलला नाही. चेंडू त्याच्यापासून हातभर अंतरावरून निघून गेला.

सामना संपला की आधी जोडीदाराशी हात मिळवायचा, मग समोरच्यांशी. संगमेश्वरने त्या दिवशी तो मिळवला नाही. बाहेर पत्रकार उभे होते, त्यांना त्याने सांगून टाकलं की गहिनीनाथने मॅच विकली. चौकशी वर्षभर चालली. सापडलं काहीच नाही. पण संशय आलेल्या गड्याबरोबर कोण खेळणार? विचारणाऱ्या प्रत्येकाला गहिनीनाथ दोनच शब्द सांगायचा, "चुकला चेंडू." मग तो कड्याला येऊन बसला. संगमेश्वर दुसऱ्याबरोबर पाच महिने खेळला, जिथे गेला तिथे पहिल्याच फेरीत हरला, आणि धारूरला वडिलांच्या दुकानात कापड फाडायला लागला. कड्याच्या एका माणसाने माझं वाटोळं केलं, असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. गिऱ्हाईक विचारायचं, "ओव्हर किती राहिल्या होत्या?"

आता पन्नाशी आली होती. राग धरून धरून तोही थकला होता. गहिनीनाथने एकदा 'हो' म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं. मग तो सुखाने माफ करणार होता. 'हो' आलं नाही, तरी त्याने माफ केलं होतं, आणि वर हा अपमान.

रस न पिताच तो उठला. चोराच्या उलट्या बोंबा, असं पुटपुटत बाहेर आला. बाहेर उसाच्या मोळीपाशी बसून गहिनीनाथची बायको मंजुषा ऊस तासत होती.

"भावजी, असं कावून निघाले? रस तर घ्या."

"वहिनी, मी हात पुढं केला. त्यानं धरला बी न्हाई. एवढी मगरुरी?"

मंजुषाचा कोयता थांबला. "कुठल्या बाजूनं केला?"

"म्हंजे? त्याच्या उजव्या."

"मग दिसला न्हाई त्यांला. उजवा डोळा कवाच गेलाय, काचबिंदूनं. आता डावा बी चाललाय." तिने पदराने हात पुसले. "तुमच्यासंगं खेळायचे तवाच सुरू झालतं. बँकॉकला गेलते, तवा त्या डोळ्यापुढं निसता अंधार होता."

ज्या चेंडूपायी संगमेश्वरने एका माणसाला आयुष्यातून उठवलं, तो चेंडू त्या माणसाने पाहिलाच नव्हता.

"मग बोलला कावून न्हाई? मला तरी?"

"तुमालाच तर कळू द्यायचं नव्हतं. म्हणायचे, संगमला कळलं तर तो दुसरा जोडीदार धरील, मग मी कुणासंगं खेळू? लोकांनी चोर म्हटलं तरी गप बसले. डोळा लपवून मी बी त्याला फशिवलंच की, म्हणायचे. लई जीव होता भावजी तुमच्यावर." तिने ऊस बाजूला ठेवला. "खरं सांगा. तुमाला कळलं असतं, तर धरला असता का दुसरा?"

संगमेश्वरला 'नाही' म्हणायचं होतं. पण त्या फायनलच्या आठ दिवस आधी, गहिनीनाथ आंघोळीला गेला असताना, दोघांच्या खोलीतून त्याने चेन्नईच्या एका खेळाडूला फोन करून पुढच्या मोसमात जोडीने खेळायचा शब्द दिला होता. गहिनीनाथला काय कारण सांगायचं, तेवढंच सुचत नव्हतं.