धून थांबेपर्यंत

इस्लापूरच्या शाळेत स्नेहसंमेलनात मंचावर पोरं टीव्हीवरच्या प्रश्नमंजुषेची नक्कल करत होती. मकसूद सर कीबोर्डवर तिची धडधडती धून वाजवत होते. धून थांबली की दहा पोरं पाय आपटत स्पर्धक झालेल्या आलियाच्या खुर्चीभोवती नाचणार होती. "उत्तर पक्कं करू?" निवेदक आलोकनं जाड आवाजात विचारलं. आलिया पायाशी बघत होती. सरांनीही पाहिलं. तिथं नाग होता. ओरडावं, तर पोरं धावतील. त्यांनी धून पहिल्यापासून धरली आणि नजरेनंच आलियाला बजावलं, हलू नकोस. "सर, किती लांबवून राहिले!" पोरं हसली. नाग तिच्या पावलावरून सरकला आणि सरांच्या खुर्चीकडे निघाला. सर वाजवत राहिले. त्यांच्या अनवाणी टाचेला गार अंग घासून गेलं, नाग मंचामागच्या गवतात शिरला. आलिया रडत खाली धावली. तरी सरांची बोटं थांबेनात.