तळटीप तीनशे बारा

कादंबरीकाराने पहाटेच्या देवीला विजेच्या देवाची मावशी करून टाकले, तेव्हा निवृत्त प्राध्यापकांनी पेन्सिलीला टोक काढले.

वाचनालयाची रीत अशी, की मागणी असलेल्या प्रत्येक पुस्तकाला वाचकांच्या अभिप्रायांची एक वही दोऱ्याने बांधलेली असे. देवदेवतांच्या या कादंबरीची वही ‘एका बैठकीत संपवली’, ‘समुद्रदेवासारखा नवरा हवा’ अशा उद्गारांनी भरली होती. प्राध्यापकांनी त्यांच्याखाली सुवाच्य, थंड अक्षरात लिहिले : ‘पान १४०. ही देवी कोणाचीही मावशी नाही.’ पुरावा म्हणून त्यांनी आपल्याच ग्रंथाचे चौथे प्रकरण नोंदवले. दुसरा पुरावा देणे अशक्य होते. त्या विषयावर दुसऱ्या कोणी ग्रंथ लिहिण्याचे धाडस केलेच नव्हते.

आठवडा संपला की ते कादंबरी परत करीत आणि पुन्हा नंबर लावीत. एकसष्ट चुका नोंदवून झाल्या. एकसष्ट वेळा त्यांनी स्वतःच्या ग्रंथाचा दाखला दिला.

“अहो, ज्याचा इतका राग येतो ते पुस्तक तुम्ही तिसऱ्यांदा वाचताय,” पत्नी म्हणाली.

“शत्रूचा अभ्यास करावा लागतो.”

“करा की. पण शत्रू चहात बुडतोय, तेवढा उचला.”

प्राध्यापकांच्या स्वतःच्या ग्रंथाची पाने चारशे अठ्ठावीस, तळटीपा सहाशेच्या वर. शुद्धिपत्र मात्र नव्हते. प्रकाशकाने ते जोडायची तयारी दाखवली असता प्राध्यापकांनी नकार दिला होता, आणि सहकाऱ्यांनी त्याला अहंकार म्हटले होते. वाचनालयातली प्रत बावीस वर्षे फडताळात उभी होती. मागच्या चिठ्ठीवर तारखेचा एकही शिक्का नव्हता. आता दारावर सूचना लागली होती : वीस वर्षांत एकदाही घरी न गेलेली पुस्तके महिनाअखेरीस रद्दीत जातील. यादीत सतरावे नाव त्यांच्या ग्रंथाचे होते.

स्वतःचे पुस्तक स्वतःच्याच नावावर नेऊन वाचवता आले असते. ती लाचारी त्यांना शेवटच्या दिवसापर्यंत जमली नाही. शेवटच्या दिवशी जमली. त्यांनी खिडकीपाशी कार्ड ठेवले आणि परक्याचे असावे तसे ग्रंथाचे नाव हळूच सांगितले.

“सर, ते मिळणार नाही,” ग्रंथपालबाई म्हणाल्या. “नंबर लावावा लागेल. तुमच्या आधी नऊ जण आहेत.”

प्राध्यापकांनी यादीची आठवण करून दिली.

“होतं ना यादीत. पण तुम्ही त्या वहीत सगळ्यांना इतकं झापलंत, की तुम्ही खरे की कादंबरीकार खरा, हे बघायला जो तो तुमचं पुस्तक मागतोय. पहिली वाचक आत्ताच परत करून गेली.”

बाईंनी ग्रंथ पुढे सरकवला. त्याला दोऱ्याने एक कोरी करकरीत वही बांधलेली होती. तिच्यात एकच नोंद होती :

‘तळटीप ३१२ वाचकाला पान ४४० पाहायला सांगते. ग्रंथ ४२८ व्या पानावर संपतो. दुसऱ्यांच्या देवांची नाती सुधारण्याआधी ग्रंथकर्त्यांनी स्वतःची पाने मोजावीत.’

बाई ओशाळल्या. मनाला लावून घेऊ नका म्हणाल्या, आणि पान फाडून टाकण्यासाठी त्यांनी हात पुढे केला.

“हात लावू नका,” प्राध्यापक म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि ती नोंद पुन्हा पहिल्यापासून वाचली.

ती चूक त्यांना ग्रंथ छापून हाती आला त्याच दिवसापासून ठाऊक होती. ती कोणीतरी पकडावी, म्हणून ते बावीस वर्षे थांबले होते.