सहा खिडक्या

पुढच्या पांढऱ्या भिंतीवर लाकडाच्या चौदा काळ्या पट्ट्या होत्या आणि सहा खिडक्या. पाचगणीतलं आमचं घर साहेबाच्या काळातलं, ट्यूडर या जुन्या इंग्रजी पद्धतीचं. आईला ते पट्टेरी रूप कधीच आवडलं नव्हतं. यंदा तिला सगळीकडे क्रीम रंग आणि पांढऱ्या सरकत्या खिडक्या हव्या होत्या.

रंगाऱ्याने डावा कोपरा क्रीम करून दाखवला. आई बाबांना फाटकापाशी घेऊन आली. त्यांची नजर अधू झाली होती. किती, ते सांगत नसत.

"कसा वाटतोय?"

"वा! झकास," बाबा म्हणाले. ते उजव्या कोपऱ्याकडे बघत होते.

आईने त्यांच्या नजरेच्या रोखाने उजव्या कोपऱ्याकडे पाहिलं. मग रंगाऱ्याला म्हणाली, "पट्ट्या काळ्याच ठेवा. खिडक्याही जुन्याच, चौकटी काळ्या करा. यांना ठळक दिसायला हवं."

"अगं, आणि तुझा क्रीम?"

"स्वयंपाकघराला लावीन. तिथं मीच असते."

बाबांनी चाचपडत तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

रंग वाळल्यावर बाबा एकटेच फाटकापाशी जाऊन उभे राहिले आणि मोठ्याने खिडक्या मोजू लागले.

सहा.